खाचा, आटे, गंज

१

इलेक्ट्रिक गिटारवर दहा नंबरच्या तारांचा संच सुरात लावला की सहा तारा मिळून सुमारे ४७ किलोनं ब्रिजला ओढतात. गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा तो ओढा तोलून धरतात. मधे ब्रिजच्या पोलादी पट्टीची एक पातळ कड सहा स्क्रूंना टेकून उभी असते. झीज तिथून सुरू होते.

२

मित्राच्या मुलाची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार. मेक्सिकोत एन्सेनाडाला बनलेली, त्याच्यापेक्षा वयानं मोठी. गणपतीत इथल्या, टेक्सासमधल्या प्लेनोच्या, मंडळाच्या कार्यक्रमात वाजते, एरवी त्याच्या खोलीत. तक्रार अशी की ब्रिजची ट्रेमोलोची दांडी दाबून सोडली की सूर जागेवर येत नाही.

"काका, सरळ नवा ब्रिज टाकू या ना. ऑनलाइन मिळतो."

"टाकू. आधी काय झिजलंय ते तर बघू."

३

तपासायची रीत. एकाच तारेचा सूर हलला तर दोष बहुधा नटमध्ये, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीत, नाहीतर खुंटीवरच्या वेढ्यांत. सहाही तारा एकदम सरकल्या तर ब्रिजच्या टेकूत. दांडी खाली दाबून सोडल्यावर सगळ्या तारा एका जागी थांबतात आणि वर ओढून सोडल्यावर दुसऱ्या जागी, असं दिसलं तर स्क्रूंना खाच पडली आहे आणि पट्टीची कड त्या खाचेत अडकते आहे हे जवळपास नक्की.

दांडी दाबून सोडल्यावर एखादीच तार चढी राहिली तर ती नटमध्ये अडकते. सैल पडताना ती खुंटीच्या बाजूला सरकली आणि परत येऊ शकली नाही. शिसपेन्सिलीचं टोक नटच्या त्या खाचेत नीट घासावं. ग्रॅफाइटनं पुष्कळदा काम भागतं.

या गिटारमध्ये दोन्ही दोष होते.

४

स्ट्रॅटोकास्टर घडवणाऱ्या लिओ फेंडरला स्वतः गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. वादकाच्या हाती नमुना द्यायचा, तो काय म्हणतो ते ऐकायचं, पुन्हा बाकावर जाऊन बदल करायचा, अशी त्याची पद्धत. बिल कार्सन या वादकानं आग्रह धरला की प्रत्येक तारेची लांबी वेगळी लावता आली पाहिजे. म्हणून ब्रिजवर सहा तारांना सहा सॅडल, म्हणजे सुटे टेकू. फ्रेडी टावारेस हा फेंडरचा सहकारी मूळचा हवाईचा, स्टील गिटार वाजवणारा. स्टील गिटारवर सूर जसा घसरत जातो तसा साध्या गिटारवर न्यायचा, ही ट्रेमोलोमागची ओढ.

पहिला नमुना आवाजाला इतका मुका निघाला की त्यासाठी बनवलेली हत्यारं मोडीत काढून सगळं नव्यानं केलं. नव्या रचनेत ब्रिजखाली पोलादाचा जड ठोकळा आला. तारा त्या ठोकळ्यातून वर येतात. १९५४ मध्ये गिटार बाजारात आली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पेटंटचा अर्ज गेला. १० एप्रिल १९५६ ला पेटंट मिळालं, क्रमांक २७४११४६.

केलेलं मोडून पुन्हा करायची तयारी त्या माणसात होती. सत्तर वर्षांनी त्या ब्रिजचा स्क्रू सोडवताना मला ती जाणवते.

५

जुन्या सॅडलांवर 'फेंडर पॅट. पेंड.' असा ठसा असे, म्हणजे पेटंट प्रलंबित. पेटंट हाती आल्यावरही तो ठसा पुढे बरीच वर्षं, १९७० उजाडेपर्यंत, तसाच उमटत राहिला.

६

ऑक्टोबर १९५४, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरचंच वर्ष. डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे ट्रान्झिस्टर घातलेला रीजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा रेडिओ जाहीर झाला. प्लेनोच्या दक्षिणेला लागून रिचर्डसन. त्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या ओढीनं तिथल्या टेलिकॉम कॉरिडॉरमध्ये आपली किती माणसं नोकरीला आली आणि इकडे घर करून राहिली!

ट्रान्झिस्टर आले तरी गिटारच्या अँपमध्ये अजून काचेचे व्हॉल्व्ह तापतात. वादकांना तोच आवाज हवा असतो.

७

नवा ब्रिज मागवायचा तर आधी ही मापं कागदावर लिहावीत.

दोन टोकांच्या स्क्रूंच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर. जुन्या अमेरिकी ढाच्यात ते सुमारे ५६ मिलिमीटर. मेक्सिकोच्या स्टँडर्डमध्ये सुमारे ५२.५. साडेतीन मिलिमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण भोकं जुळत नाहीत आणि माणूस चांगल्या लाकडात नवी भोकं पाडायला निघतो.

ठोकळ्याची खोली. पातळ गिटारमध्ये पूर्ण मापाचा ठोकळा घातला तर तो पाठीमागे बाहेर डोकावतो.

दांडीचे आटे. जुन्या अमेरिकी ढाच्यात १०-३२, आशियाई बनावटीत बहुधा मेट्रिक. वेगळ्या आट्यांची दांडी जोर लावून फिरवली की ठोकळा कायमचा गेला.

स्क्रू सहा की खांब दोन. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी स्टँडर्डवर दोन खांबांचा ब्रिज आला. सहा स्क्रूंच्या गिटारवर तो बसवायला लाकूड पोखरावं लागतं.

'सगळ्यांना बसतो' असं जिथे लिहिलेलं असेल तिथून ब्रिज घेऊ नये.

८

प्लेनोहून ईशान्येला तासाभराच्या वाटेवर बॉनम. चार्ली ख्रिश्चनचा जन्म इथला, १९१६ चा. इलेक्ट्रिक गिटारला जॅझमध्ये सोलो वाजवायचं स्थान ज्यांनी मिळवून दिलं त्यांत तो अग्रभागी. पंचविसाव्या वर्षी, १९४२ मध्ये, क्षयानं गेला. दफनही बॉनमलाच.

त्याच्या गिब्सनला दांडी नव्हती.

९

सॅडलची उंची लावणारे बारीक स्क्रू गंजून बसले होते. अमेरिकी जुन्या सॅडलांना ०.०५० इंचाची ॲलन की लागते, म्हणजे १.२७ मिलिमीटर. मेट्रिक संचातली सव्वा मिलिमीटरची की त्यात जाते, बसल्यासारखी वाटते आणि षटकोन गोल करून टाकते. दीडची की मात्र मेट्रिक स्क्रूंनाच लागते. आधी कोणतं माप आहे ते पाहावं, मगच पिळावं.

गंज सोडवणारं तेल सुईच्या टोकानं एकेक थेंब. रात्रभर तसंच. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर टेकवून तापवायचं, म्हणजे गंजाची पकड तुटते. मग आधी किंचित घट्ट करायचा आणि नंतर सोडवायचा. उलट केलं तर की वाकते.

दोन सोडून सगळे सुटले. ते ज्या दोन सॅडलांत होते, ते सॅडल नवे आणले. बाकीच्या चारांवर तारांनी पाडलेल्या खाचा सहाशेच्या आणि मग हजारच्या पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या. तार तुटते ती या खाचेच्या धारेवर. खाच बुजवायची नसते, तिची धार मारायची असते.

१०

तंबोऱ्याच्या घोडीचं नेमकं उलट.

गिटारच्या सॅडलवरून तार एकाच ठिकाणी सुटली पाहिजे. जरा जरी पसरट टेकली तर ती भणभणते आणि आपण त्याला दोष म्हणतो. तंबोऱ्याची घोडी रुंद, वरून हलका उतार दिलेली. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते. ती भणभण म्हणजेच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात याच घोडीचा विचार केला आहे. तार ज्या ठिकाणी छेडली तिथल्या हिशेबानं जे स्वरांश उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यातून ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीच्या पसरट पृष्ठभागात आहे, हे त्यांनी दाखवलं.

वर्षानुवर्षं वाजवून तार त्या उतारात रेघ पाडते. रेघ खोल झाली की जवारी बंद पडते, तंबोरा गप्प होतो. मग जवारी काढणारा बसतो. कानस, पॉलिश पेपर, आणि कान. थोडं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. केसाएवढं जास्त गेलं की सगळा उतार नव्यानं. या कामाला मी गिटारच्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा वरचं मानतो. इथे मोजपट्टी उपयोगाची नाही.

पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग असे. दोन्ही आता भारतात कायद्यानं बंद. उंटाचं हाड, काळं लाकूड, कृत्रिम पदार्थ यांवर चालतं. गिटारचा चांगला नटही हाडाचाच.

११

ओळखीच्या एका बाईंचा तंबोरा जवारीसाठी प्लेनोहून पुण्याला गेला. विमानात, कपड्यांच्या घड्यांत. परत येताना भोपळा शाबूत होता.

१२

गंज काढण्यासाठी पांढरं व्हिनेगर चालतं, पण फक्त साध्या पोलादाला. निकेलचा मुलामा असेल तर तो उडतो. जस्ताच्या ओतीव ठोकळ्याला तर व्हिनेगर लावूच नये, ते त्या धातूलाच खातं. पोलाद आहे की जस्त हे कळायला लोहचुंबक पुरतं. जस्ताला तो चिकटत नाही.

व्हिनेगरमधून काढलं की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, कोरडं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. पुसण्यात आळस केला तर दुसऱ्या दिवशी नवा तांबडा थर येतो.

१३

मुंबईच्या पावसाळ्यात नवी तार काळी पडायला फार दिवस लागत नाहीत. समुद्राजवळच्या घरात तर गिटार भिंतीवर टांगलेली असली तरी ब्रिजचे स्क्रू तांबूस होतात. गिरगावात माझ्या ओळखीचा एक वादक जुन्या तारा उकळून, पुसून पुन्हा चढवत असे. तारा मिळत नव्हत्या असं नाही, परवडत नव्हत्या.

प्लेनोत समुद्र नाही. इथे ब्रिजला खातो तो मनगटाचा घाम. दांडीवर हात टेकवून वाजवणाऱ्याच्या गिटारचे तिकडच्या बाजूचे सॅडल आधी गंजतात. सॅडल पाहून वादकाचा हात कुठे विसावतो ते सांगता येतं.

वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं ब्रिज पुसायचा. इतकंच केलं तरी बरंच टळतं.

१४

स्क्रू काढल्यावर कळलं. टोकाच्या दोन स्क्रूंच्या दांड्यावर, नेमकी पट्टी टेकते त्या उंचीला, नखाला लागेल अशी खाच. त्यांची भोकंही लांबट झालेली. इतकी वर्षं तारा पुढे ओढत होत्या, लाकूड हळूहळू दबत गेलं.

टूथपिकं आणि गोंद घालून भोक भरायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पट्टा अडकवायच्या बटणाला ती ठीक आहे. इथे नाही. इथे स्क्रू नुसता धरून राहायचा नसतो, आडवा भार सोसायचा असतो.

भोक सरळ मोठं केलं. कठीण लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोकली. एक दिवस सुकू दिली. वरून तासून सपाट केली. मग ब्रिजची पट्टीच जागेवर ठेवून, चार चांगल्या भोकांशी जुळवून, दोन नव्या भोकांच्या जागा टोच्यानं खुणावल्या. ड्रिलला चिकटपट्टीची खूण बांधली, म्हणजे खोली चुकत नाही. स्क्रू पहिल्यांदा आत जाताना त्याला साबणाचा हात.

जुलैत गराजमध्ये हे काम नको. सकाळी लवकर, घरात.

१५

प्लेनोची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराखालचं काँक्रीट त्याबरोबर हलतं, भिंतींना तडे जातात, दारं चौकटीत अडकतात. म्हणून इथे लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती पाझरती नळी अंथरून मातीला पाणी देतात. अकोल्याच्या, परभणीच्या माणसाला ही माती लगेच ओळखू येते.

लाकडालाही ओल हवी, ठरावीक. बंद घरात, थंड हवेच्या यंत्राखाली, हवा कोरडी पडली की नेक हलतो. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर बरं. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासभर वीज गेली, तेव्हा घरं आतून गारठली. त्यानंतर दुरुस्तीला आलेल्या गिटारींचे नेक मी पाहिले आहेत.

१६

सहा स्क्रू कसे बसवायचे यावर पुष्कळ मतं आहेत. माझं असं: एकेक स्क्रू पट्टीची मागची बाजू किंचित उचलेपर्यंत आत न्यायचा, मग पट्टी पुन्हा सपाट बसेपर्यंत मागे आणायचा. टोकाचे दोन त्यावर ठेवायचे. मधले चार आणखी थोडे सैल. भार टोकाच्या दोघांनी घ्यायचा, मधल्यांनी पट्टी जागेवर ठेवायची. सहाही घट्ट केले तर पट्टी हलत नाही आणि दांडीचा जोर लाकडावर येतो.

बहुतेक गिटारी मी पाहतो त्या सहाही घट्ट केलेल्या. बनवणाऱ्यानं नव्हे, नंतर कुणीतरी.

१७

गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन डॅलसचा, ओक क्लिफचा. जन्म १९५४, म्हणजे गिटार आणि माणूस एका वर्षाचे. त्याच्या मुख्य स्ट्रॅटोकास्टरला सगळे 'नंबर वन' म्हणतात. वेगवेगळ्या वर्षांच्या भागांनी बनलेली. उजव्या हाताच्या गिटारला डावखुऱ्यांचा ब्रिज, त्यामुळे दांडी खालच्या तारांच्या नव्हे तर वरच्या, जाड तारांच्या बाजूला. जिमी हेन्ड्रिक्स उजवी गिटार उलटी धरून वाजवत असे, त्याच्याही हातात दांडी वरच्याच बाजूला येई.

व्हॉनची सर्वांत बारीक तार ०.०१३ इंचाची. अर्धा स्वर खाली लावूनही ब्रिजवर पन्नास किलोंच्या वर भार. तो तोलायला पाचही स्प्रिंगा. त्यावर तो दांडी अशी वापरे की ती मोडावी.

ही गिटार सांभाळणारा माणूस रेने मार्टिनेझ, डॅलसचाच, चार्लीज गिटार शॉपमध्ये काम केलेला. तारा सॅडलवर तुटू नयेत म्हणून तो विजेच्या वायरीवरचं प्लास्टिकचं वेष्टन सोलून त्याचा बारीक तुकडा तारेवर, जिथे ती धातूला घासते तिथे चढवत असे. फ्रेट इतक्यांदा बदलले की जुन्या नेकचं लाकूड नवे फ्रेट धरेना. जुलै १९९० मध्ये न्यू जर्सीत रंगमंचावरचं सामान गिटारींवर कोसळलं आणि नंबर वनचा नेक मोडला. दुसरा नेक लावून दौरा पुढे गेला. २७ ऑगस्ट १९९० ला हेलिकॉप्टर अपघातात व्हॉन गेला. डॅलसलाच, लॉरेल लँडमध्ये त्याला पुरलं आहे.

मार्टिनेझनं ती गिटार कधी नवी केली नाही. रोज संध्याकाळी वाजेल एवढी ठेवली. मला या कामातला तो आदर्श वाटतो. प्रसिद्धी वादकाला मिळते हे बरोबरच आहे. पण वायरीचं वेष्टन तारेवर चढवण्याची युक्ती ज्याला सुचली त्याचंही नाव माहीत असावं.

१८

१९९२: फेंडरनं व्हॉनच्या नावाची गिटार काढली, डावखुऱ्या ब्रिजसह.

१९९५: फेंडरच्या कस्टम शॉपनं मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारींची मालिका सुरू केली. सॅडलांवर कारखान्यातून आलेला गंज.

२००४: नंबर वनच्या प्रती निघाल्या. ओरखडे जिथे होते तिथे.

१९

डॅलसला १९७८ पासून गिटारचा मोठा मेळा भरतो. तिथे एका टेबलावर डबाभर जुने सॅडल. कुणाच्या तरी गिटारवरून काढलेले, पुढे कुणीतरी नवे बसवले म्हणून. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आपल्या जुन्या गिटारला मूळचे सॅडल मिळतील का म्हणून विचारत होते.

२०

फ्लॉइड रोझच्या ब्रिजचं तंत्र वेगळं. पेटंट १९७९ चं. तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद, ब्रिज दोन खांबांवर सुरीसारख्या धारेनं टेकलेला. आर्लिंग्टनचा गिटारवादक डाइमबॅग डॅरेल त्यावर सूर पार तळाला नेऊन परत आणत असे.

ही धार झिजली की लोक ती कानशीनं घासून पुन्हा तीक्ष्ण करतात. करू नये. त्या धारेला पाणी दिलेलं असतं. घासली की वरचा कडक थर जातो, खालचं मऊ पोलाद उघडं पडतं आणि ते भराभर झिजतं. तिथे खालची पट्टी बदलणं हाच इलाज.

२१

मिरजेचे शिकलगार तलवारींना धार लावत, पाणी देत. तो धंदा बसला तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, त्यांतले फरीदसाहेब शिकलगार सतारी-तंबोऱ्यांच्या कामाकडे वळले. त्यांच्यामागून घराण्यांच्या घराण्यांनी तेच केलं. गायक अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना पुरलं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य बनवणाऱ्याच्या गावाला मान मिळाला. जवारी काढणाऱ्या पुढच्या पिढीला पुरेशी मजुरीही मिळावी.

२२

गिटारच्या पाठीमागे, स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याला एक वायर सोल्डर केलेली असते. अर्थिंगची. ब्रिज काढताना ती ओढली जाते आणि तुटते. मग अँपमध्ये घुंई सुरू होते आणि तारांना हात लावला तरी ती कमी होत नाही. ती पुन्हा जोडायला छोटं आयर्न पुरत नाही, पंजा सगळी उष्णता पिऊन टाकतो. ऐंशी ते शंभर वॉटचं घ्यावं, जागा आधी घासून चकचकीत करावी.

२३

स्प्रिंगा पाच बसतात, बहुतेकांना तीन पुरतात. पंजाचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, प्रत्येक वेळी सूर पुन्हा लावत, ब्रिज मागच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर उचललेला राहील असा आणावा. घाई केली तर संध्याकाळ जाते आणि काही हाती लागत नाही.

दांडी डुगडुगत असेल तर आट्यांवर नळकामाची पांढरी टेप दोन वेढे. ही तात्पुरती सोय नव्हे, वर्षानुवर्षं टिकते.

२४

शेवटी या गिटारवर काय नवं आलं? सहा स्क्रू, दोन सॅडल, नवा तारसंच. नटच्या दोन खाचा साफ केल्या. पट्टी तीच, ठोकळा तोच. नव्या ब्रिजच्या किमतीच्या मानानं खर्च किरकोळ.

मुलानं दांडी पार खाली दाबली, सोडली, आणि ट्यूनर न लावता कानानं ऐकलं. पुन्हा दाबली. "आला परत, काका." मग स्क्रू कसे सैल ठेवले ते त्यानं विचारलं आणि एक स्वतः काढून बसवून पाहिला.

२५

सप्टेंबरात प्लेनोच्या ओक पॉइंट पार्कवरून रंगीत बलून उठतात. बलूनचा हा उत्सव १९८० पासूनचा. पुष्कळदा त्याच सुमारास गणपती येतात. मंडळाच्या तालमी एखाद्या शाळेच्या सभागृहात, कामावरून सुटून आलेल्या माणसांच्या. तबला, कीबोर्ड, एक गिटार. गिटारवाल्याच्या केसमध्ये आता एक बारीक ॲलन की असते, ०.०५० इंचाची.

२६

ब्रिज पूर्ण बदलायचा तो केव्हा? पट्टीला तडा गेला असेल तेव्हा. पट्टीच्या भोकांची खालची कड चेपली असेल तेव्हा. ठोकळ्यातले आटे पूर्ण गेले असतील आणि ठोकळा सुटा मिळत नसेल तेव्हा. गंजानं पोलादात खड्डे पडले असतील तेव्हा. एरवी नाही. चमक गेली हे कारण नाही.

२७

आणि बदललात तर जुना ब्रिज टाकू नका. सॅडल, स्क्रू, स्प्रिंगा, सगळं एका डबीत घाला, तेलाचा हात लावून. डबीवर गिटारचा क्रमांक आणि तारीख लिहा. डबी केसमध्येच ठेवा. गिटार विकलीत तर डबीही सोबत द्या.